नवे गिअर, दुखावलेला शाफ्ट

स्कूटरच्या गिअरपेटीचं काम करून आणलं, नवे गिअर घातले, बिलही चुकतं केलं. आणि चारच दिवसांत मागच्या चाकातून घूं-घूं आवाज येऊ लागला. अशा वेळी 'नवं आहे, बसेल हळूहळू' या आश्वासनावर थांबू नका, मैत्रिणींनो! गिअर नवे असले, तरी ते ज्या शाफ्टवर बसतात तो काम करताना दुखावलेला असू शकतो.

'पण आमची तर बिनगिअरची स्कूटर!' असं म्हणाल. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली आणि गिअर बदलण्याची कटकट गेली, हे खरं. गिअर मात्र गेले नाहीत. इंजिनाची गती कमी करून चाकाला देणारे दातेरी गिअर मागच्या चाकाजवळच्या लहानशा पेटीत असतात. त्यातल्या शेवटच्या शाफ्टवरच मागचं चाक बसतं. म्हणून इथे हयगय नको.

शाफ्ट बिघडतो कसा? बेअरिंग काढायला पुलर आणि बसवायला प्रेस लागते. घाईत हातोडा चालवला, की शाफ्टच्या टोकाचे आटे चेपतात. एखादा वॉशर घालायचा राहिला, की गिअर सरकून घासतो. जोडीतला एकच गिअर बदलला, तर जुन्याच्या झिजलेल्या दात्यांशी त्याचं जमत नाही; मिक्सरच्या झिजलेल्या कपलरवर नवं भांडं बसवावं, तसंच हे.

घरच्या घरी एवढं पाहा : स्कूटर मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागचं चाक हातानं फिरवा. खरखर जाणवते का? चाक आडवं हलवून पाहा. ढिलं लागतं का? चाकाच्या आतल्या बाजूला ऑइल ओघळलंय का? शाफ्टवर ओरखडा असला, की ऑइल सीलची कड कापली जाते. मग ऑइल ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक लागेनासा होतो. चाक ढिलं असेल किंवा ऑइल दिसलं, तर स्कूटर चालवूच नका. मुलांना मागे बसवून तर मुळीच नाही! मेकॅनिकलाच घरी बोलवा.

पेटी तुमच्यासमोर उघडायला सांगा. आटे किंचित चेपले असतील, तर साफ करून नट हातानं सहज फिरतो का ते पाहावं. पण आटे तुटले असतील, खाचा झिजल्या असतील, शाफ्ट वाकला असेल किंवा सीलच्या जागी नखाला अडकेल असा ओरखडा असेल, तर नवा शाफ्टच घ्यावा. 'वेल्डिंगनं भरून लेथवर कातून देतो,' असं कुणी सुचवलं, तर ठाम नकार द्या. शाफ्टचा वरचा थर मुद्दाम कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो कडकपणा जातो.

नव्या शाफ्टबरोबर सील आणि गॅस्केट नवीच हवीत. बेअरिंग तपासून घ्या. पेटीतला धातूचा चुरा धुऊन काढायला लावा. ऑइल कंपनीनं सांगितलं तेवढंच घालायचं, आणि चाकाचा नट टॉर्क पान्यानं आवळायचा.

आणि हो, जुने सुटे भाग पिशवीत घालून मागून घ्या, कामाचा तपशील लिहिलेलं बिलही घ्या. सेवेतल्या त्रुटीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते; तेव्हा हीच पिशवी आणि हाच कागद उपयोगी पडतो.