गाडी फिरते, डिश का फिरत नाही?

हिवरखेडहून कॅरव्हॅन घेऊन चिखलदऱ्याला निघालात. मुक्कामी टीव्ही लागन काय?

आधी सोपं होतं. दूरदर्शनचा टॉवर जमिनीवर असायचा. अँटेना जरा फिरवली की चित्र यायचं, मुंग्यांसकट का होईना! मार्च 2022 पर्यंत मोक्याची काही ठिकाणं सोडून ही ॲनालॉग केंद्रं बंद झाली.

आता आहे डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं शून्य. पण सिग्नल येतो सुमारे 36,000 किलोमीटरवरच्या जीसॅट-15 उपग्रहावरून. डिश नेमकी त्याच्याकडेच हवी. जरा हलली की पडदा कोरा. म्हणून चालत्या गाडीत साधी डिश कामाची नाही.

मुक्कामी गाडी झाडाखाली लावू नका. आपल्याकडून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 59 अंशांवर असतो. मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा धरा आणि सिग्नलची पट्टी बघत डिश हळूहळू सरकवा.

'मोबाइलवरच बघू की!' म्हणाल. पण डोंगरात रेंज जाते आणि मुसळधार पावसात डिशचाही सिग्नल तुटतो. म्हणजे इशाऱ्याची खरी गरज असते, तेव्हाच दोन्ही गप्प. म्हणून पावसाळ्यात रेंज आहे तोवरच हवामानाचा अंदाज बघा, मगच घाट चढा.