विकीच्या पोटात गिट

विकीवर प्रत्येक दुरुस्तीचा इतिहास राहतो, पण सहसा एकाच सर्व्हरवर. २००५ साली आलेल्या गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत तो संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर उतरतो. इकिविकी आणि गिटहबचे गॉलम या विकी-प्रणालींनी दोहोंची सांगड घातली: पान म्हणजे साधी मजकूर-फाइल, जतन म्हणजे कमिट, गिटच्या इतिहासातली एक नोंद.

समजा, ठाणे-कल्याण रेल्वेचे पान आहे. डोंबिवलीचा संपादक लोकलमध्ये, नेट नसताना, कल्याणचे १८५४ हे साल भरतो. ठाण्याचा संपादक त्याच ओळीत १६ एप्रिल १८५३ ही तारीख घालतो. बदल वेगळ्या परिच्छेदांत असते तर गिटने ते गुपचूप जुळवले असते. इथे मात्र गिट दोन्ही पाठ खुणांमध्ये समोरासमोर मांडते आणि निवाडा माणसावर सोडते. विकीतला परिच्छेद गिटच्या लेखी एकच लांबलचक ओळ असल्याने असे खटके वरचेवर उडतात. वाक्यागणिक नवी ओळ हा सोपा उतारा.

मराठीची खास डोकेदुखी फाइलच्या नावात. ‘ठाणे’ नावाची नवी फाइल गिटच्या यादीत आकड्यांत दिसते. एकट्या ‘ठ’चे ३४०, २४४, २४० होतात. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की ठाणे पुन्हा ठाणे दिसते.