घड्याळ दुसऱ्याचं, फोन ॲपलचा

आयफोनजवळ एअरपॉड्सची डबी उघडली की स्क्रीनवर लगेच त्यांचं चित्र येतं. एक बटण दाबलं की जोडणी झाली. दुसऱ्या कंपनीचे इअरफोन असतील तर सेटिंग्ज उघडा, ब्लूटूथमध्ये जा, यादीत नाव शोधा. घड्याळाची तीच गत. आयमेसेजवर आलेला निरोप दुसऱ्या कंपनीच्या घड्याळावर वाचता येतो, पण तिथून उत्तर पाठवता येत नाही. ॲपल वॉचवरून मात्र येतं.

हा फरक घड्याळातल्या यंत्राचा नाही. फोनची कोणती सोय कोणाला वापरू द्यायची, हे आयओएस ही प्रणाली ठरवते आणि तिच्या किल्ल्या ॲपलकडे. ज्याचा रस्ता, त्याचीच त्या रस्त्यावर गाडीही धावते.

युरोपीय संघाने २०२२ साली केलेला डिजिटल मार्केट्स ॲक्ट नेमका इथे हात घालतो. त्यात आधी 'गेटकीपर' ठरवले जातात. ढोबळ निकष असे: युरोपात वर्षाला ७५० कोटी युरोंची उलाढाल किंवा ७,५०० कोटी युरोंचं बाजारमूल्य, आणि तिथे महिन्याला किमान साडेचार कोटी वापरकर्ते. सप्टेंबर २०२३मध्ये सहा कंपन्या या यादीत आल्या; ॲपल त्यांपैकी एक.

पुढचा नियम सोपा आहे. फोनची जी सोय तुमच्या स्वतःच्या उपकरणाला मिळते, तीच प्रतिस्पर्ध्यालाही मिळाली पाहिजे, तितकीच चांगली आणि फुकट.

पण 'तीच सोय' म्हणजे नक्की काय, यावर वाद घालत वर्षं काढता येतात. म्हणून १९ मार्च २०२५ रोजी युरोपीय आयोगाने आयओएसच्या नऊ सोयींची यादीच हातात दिली. घड्याळावर नोटिफिकेशन दाखवणं, उपकरण जवळ आणताच जोडणी होणं, वाय-फायचा पासवर्ड आपोआप पोहोचणं, ही त्यातली काही. प्रत्येक सोयीला मुदत ठरवून दिली. त्याच दिवशी दुसरा आदेशही निघाला: बाहेरच्या कंपनीने सोय मागितली तर अर्ज कसा हाताळायचा, याचा. कायदा मोडल्यास जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

ॲपलचं म्हणणं, नोटिफिकेशनचा मजकूर किंवा वाय-फायचा इतिहास परक्यांना दिला तर ग्राहकाची गोपनीयता धोक्यात येईल. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. कायदाही प्रणालीच्या सुरक्षेसाठी उपाय करू देतो. मात्र ते गरजेपुरते असावेत, आणि ती गरज कंपनीनेच पटवून द्यावी. ॲपलने या आदेशांना लक्झेंबर्गच्या न्यायालयात आव्हान दिलं आहे.

ही सक्ती युरोपीय संघाच्या २७ देशांपुरतीच आहे. भारतात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४मध्ये आला, पण तो मसुद्याच्या पुढे गेलेला नाही. तेव्हा इथे घड्याळ घेताना दुकानदाराला एवढं जरूर विचारा: माझ्या फोनवर आलेल्या मेसेजला यावरून उत्तर देता येईल का?