झाड कुणाच्या हाताने मरत नाही

आपल्या वस्तीत बहुतेक दारांपुढे काही ना काही हिरवे असते. तेलाच्या डब्यात कोरफड, फुटक्या बादलीत कढीपत्ता, खिडकीच्या गजाला बांधलेल्या बाटलीत मनी प्लांट. जागा कमी आहे म्हणून आपल्या माणसांची झाडाची हौस कधी अडलेली नाही. पण पैसे मोजून आणलेले रोप दोन महिन्यांत वाळले की घरोघरी तेच ऐकू येते, ‘आमच्या हाताला झाड लागत नाही.’ कुणी म्हणते दृष्ट लागली. कुणी हळूच घरातल्या मुलीकडे बोट दाखवते, ‘हिने पाळीत हात लावला.’

आरोग्याच्या पानावर कुंडीचे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. कुंडीतले रोप बहुतेक वेळा साचलेल्या पाण्याने मरते आणि त्याच साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास जन्माला येतो. म्हणून झाड का मरते याचे खरे कारण घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

पाळीचा आणि झाडाचा संबंध नाही

आधी हे एक मनातून काढून टाकू. पाळीत शरीराबाहेर येते ते रक्त आणि गर्भाशयाचे आतले अस्तर. हे अस्तर दर महिन्याला तयार होते आणि गर्भ राहिला नाही की गळून पडते. त्या दिवसांत बाईच्या हातातून किंवा सावलीतून झाडाला मारणारे काहीही बाहेर पडत नाही. रोपवाटिकांत, भाजीच्या शेतांत, चहाच्या मळ्यांत रोपांची कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच करतात आणि त्या महिन्याचे सगळे दिवस करतात. त्यांच्या स्पर्शाने रोपे जळत असती, तर बाजारात भाजीची एक जुडी दिसली नसती.

‘विटाळ’ हा शब्द आपल्याला नवा नाही. याच शब्दाने आपल्या आजा-पणजांना पाणवठ्यापासून दूर ठेवले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते तळे बाटवायला नव्हे, माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही हे दाखवायला. मग तोच शब्द आपण आपल्या लेकीला लावायचा का?

पटत नसेल तर पडताळून पाहा. एकाच वेलीच्या दोन फांद्या दोन सारख्या डब्यांत लावा, दोन्हींना सारखा उजेड आणि सारखे पाणी द्या. एका डब्याची देखभाल मुलीने महिनाभर रोज करावी, पाळीतसुद्धा. दुसऱ्याची दुसऱ्या कुणी करावी. फरक दिसला, तर उजेड आणि पाणी खरोखर सारखे होते का ते तपासा.

नळाच्या वेळेने नको, मातीच्या गरजेने पाणी

घरातली बरीच झाडे तहानेने मरत नाहीत, जास्त पाण्याने मरतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते आणि मुळे त्या हवेवर जगतात. पोकळी पाण्याने भरून राहिली की मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही पाने मान टाकतात. आपल्याला वाटते झाड तहानले. आपण आणखी पाणी ओततो आणि झाड संपते.

आपल्याकडे पाणी तासभर येते. नळ आला की पिंप भरायचे, भांडी भरायची आणि हात आहे तसाच कुंड्यांवर फिरवायचा, ही सवय लागते. ती सोडा. पाणी घालण्याआधी मातीत बोट दोन पेरे खुपसा. ओल लागली तर आज पाणी नको. कोरडे लागले तर खालच्या छिद्रातून थेंब येईपर्यंत घाला आणि थांबा. डबा उचलून पाहिला तरी कळते, हलका लागला तर तहान, जड लागला तर थांबा. पावसाळ्यात घरातल्या कुंडीला आठवडाभर पाणी लागणारही नाही. उन्हाळ्यात दारातल्या लहान डब्याला रोज लागेल. ठरावीक वेळापत्रक नाही, बोटच सांगेल.

पिण्याचे पाणी झाडाला घालायची गरज नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी चांगले चालते. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र घालू नका.

झाड आपले दुखणे पानांतून सांगते. खालची पाने पिवळी आणि माती ओली, म्हणजे पाणी जास्त. पानांच्या कडा कुरकुरीत तपकिरी आणि डबा हलका, म्हणजे पाणी कमी. देठ लांब, बारीक, फिकट आणि एकाच बाजूला झुकलेले, म्हणजे उजेड कमी. मातीवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या, तर माती सतत ओली राहते आहे.

डब्याला छिद्र, मातीला हवा

तेलाचा डबा, पाच लिटरचा कॅन, जुनी बादली, काहीही चालेल. पण बुडाला करंगळी जाईल अशी चार-पाच छिद्रे हवीतच. प्लॅस्टिकला तापलेल्या सळईने छिद्र पाडताना घराबाहेर बसा, तो धूर घरात नको. खायची भाजी लावायची असेल तर रंगाचा, रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा डबा वापरू नका. माती नाल्याकाठची किंवा कचऱ्याच्या ढिगाजवळची आणू नका.

दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू किंवा नारळाचा भुसा, एवढे मिश्रण बहुतेक झाडांना पुरते. नुसती काळी माती डब्यात दगडासारखी घट्ट होते, तिच्यात हवा राहत नाही. चहाचा चोथा घालायचा तर साखर-दूध निघून जाईपर्यंत धुऊन, वाळवून आणि मूठभरच. नाहीतर मुंग्या आणि बुरशी येते.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा. मग एक लिटर पाण्यात चमचाभर भांड्याचा पातळ साबण मिसळून पानांवर, पानांच्या मागूनही शिंपडा आणि थोड्या वेळाने साध्या पाण्याने धुवा. आठवड्याने पुन्हा करा.

उजेड हेच झाडाचे जेवण

सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट यांनी एक प्रयोग केला. सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली आणि सव्वादोन किलोंचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड ७६ किलोंच्या वर गेले आणि माती घटली अवघी पन्नास-साठ ग्रॅम. झाड माती खाऊन वाढत नाही, हे त्यातून दिसले. पुढे शास्त्रज्ञांना कळले की झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन उजेडाच्या बळावर आपले अन्न स्वतः तयार करते.

म्हणून एकच दार असलेल्या खोलीत, कपाटावर ठेवलेल्या रोपाला कितीही खत घातले तरी ते उपाशीच राहते. छताच्या ट्यूबलाइटने त्याचे पोट भरत नाही. झाड दारापाशी, खिडकीच्या गजाजवळ, उंबऱ्याबाहेर ठेवा. कामावर जाताना बाहेर आणि रात्री आत, असे केले तरी चालते. आठवड्यातून एकदा डबा थोडा फिरवा म्हणजे झाड एका अंगाला झुकणार नाही. अंधाऱ्या खोलीतून रोप एकदम कडक उन्हात नेऊ नका, पाने करपतात. आठ-दहा दिवसांत हळूहळू न्या.

गल्लीत डबे ठेवताना एक ध्यानात असू द्या. आजाऱ्याला झोळीत किंवा स्ट्रेचरवर न्यायची वेळ आली तर वाट मोकळी हवी. पत्र्यावरचे डबे वादळी वाऱ्यात खाली माणसावर पडू शकतात, ते तारेने बांधा.

थाळीतले पाणी आणि डेंग्यूचा डास

आता सर्वांत महत्त्वाचे. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंप, टायर, करवंटी यांच्याइतकीच त्याला कुंडीखालची थाळी आणि मनी प्लांटची बाटली आवडते. मादी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. ती कोरड्यात अनेक महिने टिकतात आणि पाणी मिळाले की फुटतात. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. हा डास प्रामुख्याने दिवसा चावतो.

म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवा. रविवारी विहारात वंदनेला निघण्यापूर्वीचा अर्धा तास ठेवला तर विसर पडणार नाही. त्या दिवशी थाळी रिकामी करून आतून घासा. बाटलीतले पाणी बदला, बाटली आतून ब्रशने घासा आणि वेलीची मुळे वाहत्या पाण्याखाली धुवा. थाळी नकोच असेल तर उत्तम, हवी असेल तर ती वाळूने काठोकाठ भरा म्हणजे वर पाणी दिसणार नाही. बाटलीपेक्षा मातीतला मनी प्लांट बरा.

घरात कुणाला ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना दाखवा. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप ग्लानी, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात.

कोणते झाड ठेवावे, कोणते नको

उजेड कमी असेल तर मनी प्लांट आणि स्नेक प्लांट तग धरतात. पण मनी प्लांट आणि ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे डिफेनबेकिया यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावले तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. रांगते मूल असेल तर ही झाडे उंचावर बांधा. कण्हेर, लाल असो वा पिवळी, घराजवळ नकोच. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि ते विष हृदयावर परिणाम करते. मुलाने तिचे पान, फूल किंवा बी खाल्ले तर वाट पाहू नका, ते झाड ओळखता येईल असा तुकडा सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

चार-पाच तास ऊन मिळत असेल तर कामाची झाडे लावा. पुदिन्याच्या जुडीतल्या काड्या खोचल्या तरी लागतात. धने हलके चिरडून पेरले की साधारण महिना-दीड महिन्यात कोथिंबीर हाती येते, मेथी तीन-चार आठवड्यांत. पानओवा आणि गवती चहा फारसे लाड मागत नाहीत. पानओव्याच्या काढ्याने घशाला बरे वाटते, पण खोकला दोन आठवडे हटला नाही तर काढ्यावर दिवस काढू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

बोधिवृक्ष म्हणून पुष्कळ घरांत पिंपळाचे रोप डब्यात असते. भावना मोठी आहे, पण पिंपळाची मुळे भिंत फोडतात. रोप हातभर झाले की ते भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत सर्वांनी मिळून लावावे.

झाड हवा शुद्ध करते का?

विक्रेते सांगतात की अमुक झाड खोलीची हवा स्वच्छ करते. १९८९ च्या नासाच्या अभ्यासाचा दाखला देतात. तो प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाला होता, माणसांच्या घरात नव्हे. २०१९ साली दोन अमेरिकी संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. उघड्या दारा-खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेइतकी सफाई करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा हिशोब निघाला. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत म्हणजे कमीत कमी नव्वद. तेव्हा महागडे रोप घेऊ नका, खिडकी उघडा. क्षयाचे जंतू हवेत साठू नयेत, चुलीचा धूर बाहेर जावा, यासाठीही खिडकीच कामाची.

रात्री झाड विषारी वायू सोडते, ही भीतीही सोडा. झाड रात्री सोडते तो कार्बन डायऑक्साइड शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासापेक्षा कितीतरी कमी असतो. मात्र घरात दमेकरी असेल तर ओल्या मातीवरची बुरशी त्रास देते, कुंडी दाराबाहेर ठेवा.

घर बंद करून जाताना

दसऱ्याला नागपूर, ६ डिसेंबरला मुंबई, अशी घरे तीन-चार दिवस बंद होतात. निघताना डबे सावलीत एकमेकांना चिकटवून ठेवा आणि भरपूर पाणी घालून निथळू द्या. डब्याखाली पाणी भरून ठेवू नका, त्याचा फायदा डासालाच. लहान कुंडीसाठी झाकणाच्या बाटलीत पाणी भरा, झाकणाला बारीक भोक पाडून सुती दोरी आत सोडा आणि दुसरे टोक मातीत पुरा. दोरी ओल ओढत राहते. शेजारणीला एक दिवस पाहायला सांगितले तर त्याहून चांगले.

येत्या रविवारी एवढेच करा. प्रत्येक डबा उलटून बुडाची छिद्रे पाहा, थाळ्या घासा, मातीत बोट घाला. आणि हे काम घरातल्या मुलीला मनाई न करता, मुलालाही सोबत घेऊन करा.