जुन्या टर्बो मोटारीचे मऊ ब्रेक : दोष कसा ओळखावा

हरिहरेश्वर परिसरातील बागायतदार आणि त्याची बाजारपेठ यांच्यामध्ये एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस घाट आहे. दक्षिणेकडे जावयाचे तर बागमांडल्यास मोटार फेरीबोटीवर चढवून सावित्रीची खाडी ओलांडावी लागते व वेसवीस उतरावे लागते. पुण्याकडे जावयाचे तर श्रीवर्धन, म्हसळे, माणगाव या मार्गाने ताम्हिणी घाट चढावा लागतो. जाताना मोटारीत आंब्याच्या पेट्या किंवा रोठा सुपारीची पोती असतात. परतताना पेंड व खते भरून तोच घाट उतरावयाचा असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील सुपारी-नारळाच्या बागा मोडल्या. सुपारीचे नवे रोप उत्पन्न देऊ लागण्यास अनेक वर्षे लागतात. अशा काळात नव्या वाहनाचा खर्च पुढे ढकलून जुनी टर्बो-डिझेल जीप किंवा पिकअप वापरीत राहणे स्वाभाविक आहे. मात्र तिचे ब्रेक विश्वासाचे असले पाहिजेत.

"ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही" अशी तक्रार आली की पुष्कळदा ब्रेक तेल वर भरले जाते, नाही तर महागडा बूस्टर बदलला जातो. दोष मात्र तसाच राहतो. वास्तविक पेडल स्वतःच आपला रोग सांगत असते. ते मऊ लागते की कठीण, केव्हा लागते आणि दुसऱ्या दाबास काय होते, एवढे नीट पाहिले तर निम्मे निदान भाग न खोलताच होते.

ब्रेकचे कार्य

पेडल दाबल्यावर बूस्टर त्या दाबास जोर देतो. तो जोर मास्टर सिलिंडरमधील तेलावर पडतो आणि तेल नळ्यांतून प्रत्येक चाकापर्यंत तो पोहोचविते. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून निर्दोष ब्रेकचे पेडल घट्ट लागते. तेलात हवा किंवा वाफ शिरली तर प्रथम ती आकसते. तेवढा पाय फुकट खाली जातो. यावरून एक मुख्य नियम निघतो. मऊ पेडलाचा दोष बहुधा तेलाच्या मार्गात असतो. कठीण पेडलाचा दोष बहुधा बूस्टर व त्याच्या निर्वातात असतो. पेडल मऊ असताना बूस्टर बदलणे म्हणजे पैसा व्यर्थ घालविणे होय.

मऊ पेडलाची कारणे

१. पेडल लिबलिबीत लागते व भराभर दोन-तीन वेळा दाबल्यास वर येते : तेलात हवा आहे. ती कोठून शिरली हे शोधल्याशिवाय केवळ हवा काढून भागत नाही. चारही चाकांची आतील बाजू ओलसर आहे काय ते पाहावे. मास्टर सिलिंडर जेथे बूस्टरला जोडलेला असतो तेथेही पाहावे. तेथील गळती बूस्टरच्या आत उतरते व बाहेरून दिसत नाही.

२. पहिला दाब खोल जातो, दुसरा घट्ट लागतो : मागील ड्रम व लायनर यांतील अंतर वाढले आहे, ते योग्य तेवढे कमी करून घ्यावे. खराब रस्त्यानंतरच असे होत असेल तर चाकाचे बेअरिंग ढिले असण्याचा संभव असतो. चाक डुलते, डिस्क पॅडना मागे लोटते आणि पहिला दाब ते अंतर भरण्यात जातो.

३. पाय स्थिर ठेवला असता पेडल हळूहळू खाली बसते : इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबावे व नंतर अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावे. बाहेर कोठेही गळती नसताना ते खाली सरकले तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वायसर झिजले आहेत. हा दोष घातक असतो. अशी मोटार घाटात नेऊ नये.

४. सकाळी ब्रेक उत्तम, घाट उतरल्यावर पेडल तळास, थंड झाल्यावर पुन्हा उत्तम : तेलाने पाणी शोषले आहे. ब्रेक तेल हे हवेतील दमटपणा ओढून घेते. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. भरल्या वाहनाने घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमुळे असे तेल उकळते व नळीत वाफ होते. किनाऱ्यावरील दमट हवेत हे जुन्या मोटारीस हमखास लागू पडते. पेडल घट्ट राहूनही मोटार थांबत नसेल तर मात्र तेल नव्हे, लायनर अतितप्त झालेले आहेत.

५. पेडल थोडे मऊ असते आणि गळती व हवा दोन्ही नाहीत : एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने चाकाजवळील रबरी नळ्या पाहाव्यात. जुनी नळी दाबाने फुगताना दिसते. ती बदलावी.

याखेरीज खाऱ्या वाऱ्याने कॅलिपरचे पिस्टन गंजून अडकतात. मग मोटार एका बाजूस ओढते किंवा एकच चाक जास्त तापते. पिकअपमध्ये मागील आसावर, ओझ्याप्रमाणे ब्रेकचा जोर बदलणारी झडप असते. ती गंजून अडकली तर भरलेल्या गाडीचे मागील ब्रेक पुरेसे लागत नाहीत.

टर्बोचा संबंध

पेट्रोल इंजिनात हवेच्या मार्गात निर्वात तयार होतो व बूस्टर त्यावर चालतो. टर्बो जोरात असताना त्या मार्गात उलट दाब असतो. तेव्हा बूस्टरच्या नळीतील एकमार्गी झडप साठलेला निर्वात राखते. डिझेल इंजिनात असा पुरेसा निर्वात मिळत नाही, म्हणून त्यास निराळा व्हॅक्यूम पंप असतो. अनेक मोटारींत तो अल्टरनेटरच्या पाठीस बसविलेला असतो. त्यास इंजिनातीलच तेल मिळते व टर्बोचे बेअरिंगही त्याच तेलावर टिकते. यास्तव इंजिनचे तेल वेळेवर न बदलणारा मालक टर्बो आणि ब्रेक दोहोंची हानी करीत असतो. शिवाय टर्बोच्या उष्णतेने जवळच्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात. काही मोटारींत टर्बोचे नियंत्रणही याच निर्वातावर चालते. तेथे एका बारीक नळीची चीर मोटारीची ओढ व ब्रेक दोन्ही कमी करते.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत दाबावे, दाब तसाच धरावा व इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे. न गेल्यास नळी, झडप, पंप व बूस्टर या क्रमाने तपासणी करावी. इंजिन मिनिटभर चालवून बंद केल्यावर पहिलाच दाब कठीण लागला तर निर्वात टिकत नाही, असे समजावे. पहिला दाब ठीक, परंतु लागोपाठ तिसरा-चौथा कठीण, असे मंद गतीवरील इंजिनात झाल्यास पंप झिजला आहे किंवा त्याचा पट्टा घसरत आहे. फेरीबोटीच्या उतारावर मोटार इंचाइंचाने सरकविताना नेमकी हीच स्थिती येते. बूस्टरच्या नळीत इंजिनचे तेल आढळले तर पंप दुरुस्त करावा; ते तेल बूस्टरचा रबरी पडदा नासविते.

तेल बदलताना

ब्रेक तेल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. प्रत टाकीच्या झाकणावर लिहिलेली असते. तीच, बंद डब्यातील वापरावी. उघडून ठेवलेला डबा व चाकातून काढलेले तेल पुन्हा घालू नये. नाव तेल असले तरी हे खनिज तेल नव्हे. त्यात इंजिनचे तेल थोडेही गेले तर सर्व रबरी भाग फुगून निकामी होतात. हवा काढताना चाकांचा क्रम उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. जुन्या मोटारीत पेडल तळापर्यंत दाबू नये, त्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. कारण मास्टर सिलिंडरचा एरवी न वापरला जाणारा भाग गंजलेला असतो व तेथे वायसर कापले जातात. टाकीतील पातळी वारंवार उतरत असेल तर केवळ भर घालीत राहू नये. पॅड झिजले आहेत की तेल गळत आहे, याचा निर्णय करावा.

घाटात घ्यावयाची काळजी

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून मोटार सोडण्याची सवय प्राणघातक आहे. इंजिन बंद होताच पंप थांबतो; बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच निर्वात उरतो व पुढे पेडल दगडासारखे होते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा आणि वेग मुख्यतः इंजिनाने आवरावा. पेडल अकस्मात तळास गेले तर ते भराभर दाबावे, क्रमाने खालचे गिअर घालावेत, हातब्रेक हळूहळू ओढावा व मोटार डोंगराच्या बाजूस घ्यावी. समुद्राच्या वाळूत मोटार नेऊ नये. खारे पाणी लागल्यास चाके आतून गोड्या पाण्याने धुवावीत व ब्रेक हलके दाबीत थोडे अंतर चालवून ते कोरडे करावेत.

हंगामाची पहिली पेटी भरण्यापूर्वी, घराच्या अंगणातच पेडलाच्या या दोन-तीन परीक्षा कराव्यात. त्यास दहा मिनिटे लागतात व खर्च काहीच येत नाही. दोष आढळल्यास "ब्रेक बघा" एवढेच मिस्त्रीस न सांगता पेडल केव्हा व कसे बिघडते ते नेमके सांगावे. म्हणजे दोषी असलेला भागच बदलला जाईल. ब्रेक निर्दोष झाल्याची खात्री होईपर्यंत माल दुसऱ्याच्या वाहनाने पाठवावा. त्यात भाड्याचे चार पैसे जातील. परंतु घाटात गेलेले माणूस परत मिळत नाही.