साठ मीटर खाली, सरळ रेषेत

अमेरिकेत फ्लॉरिडाच्या पाम बीच परिसरात समुद्र लवकर खोल होतो. किनारा सोडून चार-पाच किलोमीटर गेलं की तळ ६० मीटरच्याही खाली जातो. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद, त्यामुळे खोल पाणी गाठायचं तर ट्रॉलरच हवा. पाम बीचला मात्र एकटा माणूस कयाकचे पेडल मारत खोल तळाच्या माशांपर्यंत पोहोचतो.

अडचण एकच, पण मोठी. गल्फ स्ट्रीम हा महाप्रवाह इथे किनाऱ्याला खेटून उत्तरेकडे जातो. फ्लॉरिडा आणि बहामा बेटांमधून दर सेकंदाला साधारण ३ कोटी घनमीटर पाणी वाहतं. भर प्रवाहात वेग ताशी ६-७ किलोमीटरपर्यंत जातो. कयाकवाला दीर्घकाळ टिकवू शकतो तो वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास. ताकदीच्या जोरावर इथे काही होणार नाही, हे आकड्यांवरूनच कळतं.

दोरी तिरकी का होते?

खाली असतात स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीचे भाऊबंद, ग्रुपर म्हणजे हेकरू, आणि दांडगा अँबरजॅक. मुद्दाम बुडवलेल्या जहाजांच्या सांगाड्यांभोवती त्यांचा मुक्काम. तळाशी घर्षणामुळे पाणी संथ असतं, सांगाड्याचा आडोसा मिळतो आणि खाद्य प्रवाहाबरोबर दाराशी येतं.

त्यांच्यापर्यंत गळ न्यायचा तर दोरी शक्य तितकी उभी हवी. प्रवाह जोराचा म्हणून ती तिरकी होते, असं वाटतं. ते अर्धंच खरं आहे. धावत्या लोकलमध्ये समोरच्या प्रवाशाला डबा देताना गाडीचा वेग आड येत नाही, कारण दोघंही एकाच वेगाने चाललेले असतात. तसंच कयाक, दोरी आणि पाणी एकाच वेगाने वाहत असतील तर शिसं सरळ खाली उतरतं. दोरीला फुगा येतो तो वेगांतल्या फरकामुळे. वरचं पाणी वेगात, तळाचं संथ. त्यात वारा कयाकला तिसरीकडेच ढकलतो.

हा फरक दुप्पट झाला की दोरीवरचा पाण्याचा रेटा साधारण चौपट होतो. दोरीची जाडी निम्मी केली तर रेटाही जवळपास निम्मा. म्हणून इथे बारीक, विणलेली दोरी वापरतात. वाऱ्याने होणारी सरक पेडल मारून किंवा पाण्यात कापडी छत्री सोडून कमी करतात. अशा प्रवाहात नांगर टाकणं मात्र जिवावर बेतू शकतं. ताणलेला नांगर छोट्या कयाकला कलंडवू शकतो.

गुणाकार जमला तर मासा

जागा फिश फाइंडरवर दिसली, की गळ सोडायला उशीर झालेला असतो. समजा शिसं तळाला जायला अर्धा मिनिट लागतो आणि कयाक सेकंदाला दीड मीटर वाहते. तेवढ्यात ती ४५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून सांगाड्याच्या दक्षिणेला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, जीपीएसवर अंतर मोजून गळ सोडायचा. जागा मागे पडली की दोरी गुंडाळून, जमेल तर कडेच्या संथ पाण्यातून, पुन्हा दक्षिणेला यायचं.

मासा लागला की पहिले काही सेकंद निर्णायक. तो सांगाड्यात शिरला तर दोरी घासून तुटते. हलकी कयाक माशामागे ओढली जाते, म्हणून रॉड नाळेकडे धरायचा. बाजूने ओढ बसली तर कयाक उलटते.

सोडलेला मासा जगावा म्हणून

६० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सातपट असतो. मासा झटपट वर आणला की त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतला वायू तितक्याच पटीने फुगू पाहतो. घोळीचं जे बोत आपल्याकडे मोठ्या किमतीला विकलं जातं, तोच हा अवयव. डोळे बाहेर येतात, जठर तोंडात येतं. असा मासा नुसता सोडला तर तरंगत राहतो. त्याचा ओठ चिमट्यात धरून वजनासह खोलवर नेऊन सोडणारं साधन मिळतं. दक्षिण अटलांटिकमधल्या अमेरिकेच्या संघीय हद्दीत स्नॅपर-ग्रुपर पकडणाऱ्यांनी ते नावेत तयार ठेवणं जुलै २०२० पासून बंधनकारक आहे.

परतीचा हिशेब आधी

चार किलोमीटर आत असताना ताशी ५ किलोमीटरने किनाऱ्याकडे पेडल मारलं तर पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तितक्याच वेगाचा प्रवाह तुम्हाला चार किलोमीटर उत्तरेला नेतो. म्हणून अनेकदा दक्षिणेच्या किनाऱ्यावरून निघून उत्तरेला उतरायचं ठरवतात आणि एक गाडी तिकडे आधीच लावून ठेवतात. लाइफ जॅकेट अंगावर आणि पाण्यात न बिघडणारा व्हीएचएफ रेडिओ हाताशी, हे गृहीतच. उत्तरेचा जोरदार वारा असेल तर तो प्रवाहाच्या तोंडावर येतो, लाटा उंच आणि उभ्या होतात. त्या दिवशी कुठलाच गुणाकार कामाचा नसतो. कयाक गाडीवरून उतरवायचीच नाही.