धान्याच्या कोठारात संसार
जुन्या वास्तू, नवे रहिवासी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण लंडनला टेम्सकाठच्या गोदामांत हिंडलो. चहा-मसाल्यांच्या त्या इमारतींचे फ्लॅट करताना बिल्डरचं निम्मं काम आधीच झालेलं होतं. मजले तयार, खांब भक्कम, खिडक्या ओळीने. आजच्या वास्तूत यातलं काहीच आयतं मिळत नाही. तिला मजले नाहीत, खिडक्या जवळपास नाहीत, आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत सगळी पोकळीच. ही वास्तू म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातलं मळणीचं कोठार, तिथल्या भाषेत बार्न. तरीही गेल्या काही दशकांत तिथल्या ग्रामीण भागात घर म्हणून ज्या जुन्या इमारतींना सर्वाधिक मागणी आली, त्यांत बार्न अगदी वरच्या रांगेत आहे.

बार्न अशी का, हे कळलं की तिचं घर करताना कुठे कुठे अडतं तेही कळतं. आपल्याकडे खरीप निघतो तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, रब्बी निघते तेव्हा ऊन तापलेलं असतं. म्हणून शेणाने सारवलेलं उघडं खळं पुरतं, आणि वारा सुटला की उपणणीही तिथेच उरकते. इंग्लंडात गहू आणि बार्ली ऑगस्टच्या सुमारास कापणीला येते आणि पाठोपाठ ओला, थंड शरद सुरू होतो. तिथे खळ्यालाच छप्पर घालावं लागलं. तीन किंवा पाच खणांची लांबलचक इमारत, मधल्या खणात मळणीची जमीन, दोन्ही बाजूंच्या खणांत आढ्यापर्यंत रचलेल्या पेंढ्या. मधल्या खणाला समोरासमोर दोन दारं. एक इतकं उंच की पेंढ्यांनी लादलेली गाडी सरळ आत यावी. दोन्ही दारं उघडली की आरपार वारा वाहायचा आणि भुसा उडून जायचा. भिंतींना खिडक्या नव्हत्या, पण धान्याला हवा लागावी म्हणून उभ्या, अरुंद फटी ठेवलेल्या. थोडक्यात, ही इमारत वारा आत यावा म्हणून बांधलेली होती. घर मात्र आपण वारा बाहेर ठेवण्यासाठी बांधतो.

हिवाळाभर मजूर इथे दोन दांडक्यांच्या झोडणीने धान्य झोडत. शेतात काम नसे तेव्हाची ही रोजी होती. म्हणून मळणीयंत्रं आली तेव्हा १८३० मध्ये केंट परगण्यातून सुरू झालेल्या दंगलींत मजुरांनी ती यंत्रं फोडली. यंत्रं थांबली नाहीत. विसाव्या शतकात कंबाइन हार्वेस्टरने कापणी आणि मळणी शेतातच एकत्र केली आणि बार्नचं मूळ कामच संपलं. नवे ट्रॅक्टर जुन्या दारांत मावेनात. मग पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, आणि ओकच्या तुळयांची जुनी कोठारं अडगळ ठेवायला उरली. छप्पर गळू लागलं की दुरुस्तीचा खर्च शेतकऱ्याला परवडत नाही, आणि गळकं छप्पर काही हिवाळ्यांत सगळा सांगाडा कुजवतं. कोठाराचं घर व्हावं या मागणीमागे हौस आहे तसं हे अर्थकारणही आहे.

सरकारने ही वाट हळूहळू मोकळी केली. २०१४ पासून इंग्लंडात शेतीच्या इमारतीचं घर करायला पूर्ण नियोजन परवानगीची गरज ठरावीक अटींवर उरली नाही. २०१५ पासून ही सवलत ‘क्लास क्यू’ या नावाने ओळखली जाते. स्थानिक कौन्सिलकडे पूर्वमंजुरीचा अर्ज करायचा आणि तिने ५६ दिवसांत उत्तर द्यायचं. आधी एका शेतावर तीन घरांची मर्यादा होती, २०१८ मध्ये ती पाच झाली. २०२४ मध्ये दहा घरांपर्यंत मुभा मिळाली, पण प्रत्येक घर जास्तीत जास्त १५० चौरस मीटरचं आणि सगळी मिळून १००० चौरस मीटर. शिवाय बिगरनिवासी इमारतीचं घर करताना कंत्राटदाराच्या कामावर २० ऐवजी ५ टक्के व्हॅट लागतो.

गंमत अशी की ही सवलत वारसायादीतल्या इमारतींना नाही. राष्ट्रीय उद्यानं आणि जतनक्षेत्रांतही ती लागू होत नाही. त्यामुळे मध्ययुगीन ओकच्या बार्नला बहुधा लांबच्या रस्त्याने, प्रत्येक खिडकीचा हिशेब देत जावं लागतं, आणि सोपा रस्ता बऱ्याचदा १९६०-७० च्या लोखंडी शेडला मिळतो. त्यातही एक मेख आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या रशक्लिफ कौन्सिलच्या हद्दीतली एक शेड तीन बाजूंनी जवळजवळ उघडी होती. तिला नव्या भिंती घालून घर करण्याचा अर्ज नामंजूर झाला आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. २०१६ मध्ये न्यायालयाने अर्जदाराच्या विरोधात निकाल दिला. रूपांतर वेगळं आणि नवं बांधकाम वेगळं. जुन्या इमारतीचा फक्त सांगाडा ठेवून बाकी सगळं नव्याने उभारणार असाल, तर त्याला रूपांतर म्हणता येणार नाही. तेव्हापासून प्रत्येक अर्जात आधी हेच तपासतात, की जी इमारत आहे तिच्यात घर होण्याइतका जीव आहे का.

आता आत जाऊ. ओकच्या बार्नचा सांगाडा खिळ्यांवर उभा नाही. एका लाकडात खाच, दुसऱ्याला कुसू, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. या सांगाड्यात सर्वांत मोलाची आणि नव्या मालकाला सर्वांत नकोशी वस्तू म्हणजे दोन भिंतींना जोडणारी आडवी तुळई. छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, ही तुळई त्यांना धरून ठेवते. आत मजला घातला की ती नेमकी वरच्या माणसाच्या छातीशी किंवा कपाळाशी येते आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची वाट अडवते. ती कापली की आज काही होत नाही. पुढे कधीतरी भिंती झुकतात आणि आढं खचतं. म्हणून चांगला वास्तुरचनाकार तुळईशी भांडत नाही. तो मजला फक्त टोकाच्या खणांत घालतो आणि प्रत्येक टोकाला वेगळा जिना देतो. झोपायच्या खोल्या, न्हाणीघरं, भांडारघर तिकडे जातात. मधला मळणीचा खण आढ्यापर्यंत मोकळा राहतो, आणि स्वयंपाक, जेवण, बैठक तिथेच होते.

उजेडाचं उत्तरही याच खणात आहे. नव्या मालकाला हव्या असतात भरपूर खिडक्या. पण फटींच्या भिंतीला ओळीने खिडक्या पाडल्या, छपराला विटांचं धुराडं आणि दाराला पोर्च जोडला, की बार्न संपते आणि उपनगरातला बंगला उरतो. म्हणून हिस्टॉरिक इंग्लंड ही वारसा जपणारी संस्था सांगते की आधी जी भोकं आहेत ती वापरा. गाडीच्या उंच दारात जमिनीपासून वरपर्यंत काच बसवा, जुनी लाकडी दारं तशीच बिजागऱ्यांवर उघडी ठेवा, फटींत अरुंद काच घाला. छपरातल्या खिडक्या मोजक्या, शक्यतो मागच्या उतारावर. धुरासाठी काळी धातूची नळी पुरते. असं केलं की रस्त्यावरून जाणाऱ्याला शेतातलं कोठारच दिसतं.

यापुढचं भांडण ओलीशी. जुन्या भिंतींना पाया उथळ, ओल अडवणारा थर नाही. त्या चुन्यात बांधलेल्या आहेत, म्हणजे त्या पाणी पितात आणि सुकतातही. कोठारात गुरंही बांधली जात असतील, तर त्या बाजूला वर्षानुवर्षांच्या शेणमुतातले क्षार भिंतीत मुरलेले असतात आणि ते हवेतलं पाणी ओढत राहतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला किंवा जमिनीवर प्लास्टिक अंथरून काँक्रीट ओतलं, की खालचं पाणी भिंतीतूनच वर चढतं आणि लाकडाची टोकं कुजायला लागतात. जाणते कारागीर म्हणून काचेच्या फुगीर खड्यांच्या थरावर चुन्याची जमीन घालतात आणि त्यातूनच गरम पाण्याच्या नळ्या फिरवतात. भिंतींना आतून लाकडाच्या तंतूंच्या फळ्या आणि त्यावर चुन्याचा गिलावा, म्हणजे ऊब टिकते आणि वाफ बाहेर जाते. सांगाडा लाकडी असेल तर ऊब राखणारा थर बाहेरून घालतात आणि वर पुन्हा आडव्या फळ्या ठोकतात, म्हणजे ओक आत उघडा दिसत राहतो.

जमिनीतून ऊब देण्यामागे दुसरं कारण आहे. दोन-तीन मजल्यांइतक्या उंच दालनात रेडिएटर लावला तर गरम हवा आढ्याशी जाऊन बसते आणि खाली माणसं स्वेटर घालून जेवतात. जमीन सगळीकडे सारखी कोमट असली की ऊब माणसाच्या उंचीवर मिळते, आणि पाणी फार तापवावं लागत नसल्याने हीट पंपावर भागतं. उंच दालनात आवाजही घुमतो. त्यावर जाड पडदे, पुस्तकांची कपाटं आणि गालिचे एवढाच उपाय, तो कोणत्याही आराखड्यात नसतो आणि पहिल्या हिवाळ्यात सुचतो.

मालक येण्याआधीच इथे काही भाडेकरू राहतात, त्यांचं काय? ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या सगळ्या जातींना आणि त्यांच्या निवाऱ्यांना कायद्याचं संरक्षण आहे. नॅटरर नावाची वटवाघळं तर ओकच्या तुळयांतल्या रिकाम्या खाचांतच राहतात, म्हणजे सुताराने जिथे कुसू बसवायचं योजलं तिथे. संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजण्याचं काम साधारण मे ते सप्टेंबरमध्येच होतं. तो हंगाम चुकला की काम पुढच्या वर्षावर जातं. छपराखाली घालायच्या नव्या ‘श्वास घेणाऱ्या’ कापडाचे तंतू सुटतात आणि वटवाघळांची नखं त्यात अडकतात, म्हणून तिथे बहुधा जुन्या धाटणीचं डांबरी फेल्ट वापरतात. गव्हाणी घुबडाला १९८१ च्या वन्यजीव कायद्याने घरट्याच्या काळात कुणी त्रास देऊ शकत नाही. पूर्वी शेतकरीच उंदरांसाठी त्याला बोलावत आणि त्रिकोणी भिंतीत त्याच्यासाठी भोक ठेवत. आज घर झालेल्या कोठारात त्याच्यासाठी आढ्यापाशी बंद खोपा ठेवतात किंवा शेजारच्या झाडावर पेटी टांगतात.

या रूपांतरांवर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. शेताच्या अंगणात आता ट्रॅक्टरच्या जागी मोटारी उभ्या राहतात. किंमती अशा की तिथल्याच शेतमजुराच्या मुलाला घर घेता येत नाही, आणि कित्येक घरं शनिवार-रविवारपुरती उघडतात. काही कोठारं तर घर होण्यासाठी नाहीतच. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपलची तेराव्या शतकातली दोन कोठारं, ऑक्सफर्डशायरमधलं ग्रेट कॉक्सवेलचं कोठार, हीथ्रो विमानतळाच्या अगदी उत्तरेला असलेलं हार्मंड्सवर्थचं पंधराव्या शतकातलं ओकचं कोठार. हार्मंड्सवर्थला कवी जॉन बेट्जमन यांनी मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हटलं, आणि २०११ मध्ये ते इंग्लिश हेरिटेजने विकत घेऊन वाचवलं. अशा इमारतीत एक भिंत घातली तरी तिचं सगळं सांगणं थांबतं.

बाकी शेकडो कोठारांना मात्र घर होणं किंवा कोसळणं यापैकीच निवड आहे. म्हणून आराखडा बघताना एक कसोटी पुरेशी आहे. मालकाने किती खोल्या बसवल्या ते सोडून द्या, मधला खण मोकळा ठेवलाय का ते बघा. तो वाचला की तुळया आपोआप वाचतात, दारं वाचतात, उजेड मिळतो. तो भरून काढला की पैसे बार्नचे जातात आणि राहायला मिळतो साधा फ्लॅट. मोकळी जागा ठेवायला खर्च होतो, ऊब द्यायलाही होतो, पण बार्न विकत घेताना माणसाने त्याच जागेसाठी पैसे मोजलेले असतात.

पुढच्या लेखांकात : पवनचक्की. भिंती गोल, मजले वर वर अरुंद होत जाणारे, आणि एकाही भिंतीला कपाट टेकत नाही.